मानांकन नावाला मिळाले, झाडाचे काय?

संपादक महोदय,

मी गोव्यातल्या पेडणे तालुक्यात कलमे बांधतो. एकतीस वर्षे झाली. मुख्य काम आंबा आणि काजूचे, मागणी असेल तसे फणस आणि भिरंड, म्हणजे कोकम. जून ते ऑगस्ट माझ्या बोटांचा चीक जात नाही. पेपरात लिहिण्याची सवय नाही, मुलीने शुद्धलेखन तपासून दिले आहे. लांबले तर खुशाल कात्री चालवा, मी रोज तेच करतो.

गेल्या जुलैत जे पाहिले ते सांगण्यासाठी हे पत्र. पण त्याआधी आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर एक आंब्याचे झाड पडले म्हणून हा माणूस एवढा का लिहीत बसला, असे वाचणाऱ्याला वाटेल.

मानकुराद हा आमचा गोव्याचा आंबा. मानकुरादाची कोय पुरली तर मानकुराद येत नाही. आंबा येतो, पण कुठला येईल सांगता येत नाही. फुलावर कुठल्या झाडाचा पराग बसला होता ते माशीलाच ठाऊक. शंभर कोयी रुजवल्या तर नव्व्याण्णव रायवळ निघतात, एखादा खाण्याजोगा. म्हणून आम्ही रायवळाची कोय रुजवतो, दहा-पंधरा दिवसांचे कोवळे रोप झाले, देठ अजून तांबूस असला की ते वरून छाटतो, मध्ये चीर देतो आणि खात्रीच्या झाडावरून आणलेली पेन्सिलीएवढी काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवतो. वर प्लास्टिकची पट्टी. हे कोय कलम. मी ते वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात शिकलो. माझे वडील भेट कलम करायचे, म्हणजे रोपाची कुंडीच झाडाच्या फांदीला नेऊन बांधायची. विद्या जुनी आहे. पोर्तुगीज पाद्र्यांनी ती गोव्यात रुजवली आणि हापूसपासून मुसरादपर्यंतचे आंबे त्यातूनच टिकले.

तेव्हा कलम हे नवे झाड नव्हे. जुन्याच झाडाची फांदी दुसऱ्याच्या पायावर उभी केलेली असते. माझ्याकडून नेलेले प्रत्येक मानकुराद कुठल्या ना कुठल्या भाटातल्या, म्हणजे बागायतीतल्या, एका ठरावीक झाडाचे अंग आहे. ते झाड उभे आहे तोवर माझा धंदा आहे.

आणि मानकुराद म्हणजे सगळे एकच, असेही नाही. नावाचा अर्थ तरी काय, ‘मालकोराद’, रंगाने वाईट. साल पिवळी, त्यावर काळे ठिपके, हापूसच्या शेजारी ठेवला तर गरीब दिसतो. कापल्यावर मग बोला. पण एकाचा मोहोर लवकर येतो, दुसऱ्याचा उशिरा. एकाची कोय चपटी आणि गर दाट, दुसऱ्याला देठाकडे किंचित आंबूस झाक. एक पावसाचे पहिले चार थेंब पडले की आतून किडतो, दुसरा दोन सरी सोसतो. ही निवड शंभर-दीडशे वर्षे गोव्यातल्या घराघरांनी जिभेने केलेली आहे. कार्दोझ मानकुरादसारखी एखादी निवड संशोधनवाल्यांपर्यंत पोचली. बाकीच्यांना नावसुद्धा नाही. ‘विहिरीवरचा’, ‘देवळामागचा’, ‘मावशीचा’, एवढीच त्यांची ओळख.

माझ्याकडे एक लांब वही आहे. तीत मी काडी आणतो त्या झाडांची नोंद असते: कुठले भाट, फळ कसे, कुठल्या साली किती काड्या, किती लागल्या. सुरुवातीला पेडणे आणि बार्देशात मिळून चौदा झाडे होती. आज पाच आहेत. नऊ गेली त्यातले एक विजेने गेले, एक भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी कीड, लागून आतून पोकळ झाले. त्याला कोण काय करणार. दोन रस्त्यात गेली. उरलेली पाच भाट विकल्यामुळे गेली आणि त्यातली चार मोपाचा विमानतळ सुरू झाल्यानंतरची.

त्या चारांतले शेवटचे विहिरीवरचे.

हे झाड धारगळच्या बाजूला, एका जुन्या भाटात. पूर्ण नाव-गाव देत नाही, कारण त्या लोकांशी मला भांडायचे नाही. चिऱ्यांची विहीर, तिच्या कठड्यापासून दहा पावलांवर बुंधा. दोन माणसांच्या कवेत जेमतेम येईल एवढा. फळ मे महिन्याच्या शेवटी तयार व्हायचे, बाजारातला मानकुराद संपत आला की. साल जाड, त्यामुळे पहिल्या पावसातही टिकायचे. एवढा उशिराचा आणि तरी न किडणारा मानकुराद मी दुसरा पाहिलेला नाही. भाटकार, म्हणजे भाटाचे मालक, कधीच मुंबईला गेलेले. तिथे मुंडकाराचे, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत पूर्वापार राहणाऱ्याचे, एक घर आहे, त्यात एक म्हातारी राहते. काडीचा भाव तिने ठरवला होता: दर वर्षी एक कलम तिला द्यायचे. पैसे घेतले नाहीत कधी. ती कलमे तिने लेकींच्या सासरी वाटली.

काडी तोडण्याआधी आठ-दहा दिवस तिची पाने काढून टाकावी लागतात, देठ तेवढे ठेवायचे. मग टोकाचा डोळा फुगतो आणि अशी काडी लवकर धरते. जूनच्या अखेरीस मी शिडी घेऊन गेलो, सत्तरेक काड्यांची पाने उतरवली आणि आलो. म्हातारी म्हणाली, मोजणीवाले येऊन गेले. मी म्हटले, दर दोन वर्षांनी येतात. असे म्हणायला नको होते.

दहा दिवसांनी गेलो तर भाटाच्या तोंडाला निळे पत्रे. आत जेसीबीने तांबडी माती उपसलेली, विहिरीचा कठडा तसाच, आणि झाड आडवे. तीन दिवसांपूर्वी पाडले होते. बुंध्याचे ओंडके करून नेलेले, आंब्याच्या फळ्यांच्या पेट्या होतात, त्याला गिऱ्हाईक लगेच मिळते. माथा मात्र तिथेच पडलेला, माजलेल्या गवतात. पाने काळवंडून वळली होती. आणि त्या सगळ्या सुकलेल्या पानांत मी उतरवलेल्या माझ्या काड्या तेवढ्या बोडक्या, टोकाला फुगलेला डोळा घेऊन. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्यापर्यंत पोचायला शिडी लागली नाही. कमरेएवढ्या उंचीवर होत्या सगळ्या.

दाराशी बसलेला पोरगा म्हणाला, “साहब नहीं हैं.” मी म्हटले, साहेब नको, काड्या हव्यात. त्याने खांदे उडवले. बिचारा कुठल्या तरी लांबच्या गावाचा, त्याच्याही घरी आंबा असेल.

साठ काड्या धडधाकट मिळाल्या. ओल्या गोणपाटात गुंडाळून त्याच संध्याकाळी बांधल्या. ताज्या काडीची शंभरातली सत्तर-ऐंशी कलमे लागतात. या साठातली सात लागली.

झाड तोडायला परवानगी होती, असे नंतर कळले. असेल. परवानगी नव्हती अशी माझी तक्रारच नाही. १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा झाड मोजतो. एक तोडले तर बदली लावा म्हणतो. त्या जागी कोणी सप्तपर्णीची रोपे लावली तरी हिशेब पुरा होतो. याच कायद्यातून २०१६ साली माडाला वगळले होते, माड हे झाड नव्हे म्हणून, आणि लोक ओरडले तेव्हा २०१७ मध्ये परत आत घेतले. माडासाठी ओरडायला अख्खा गोवा होता. ‘विहिरीवरच्या’साठी एक म्हातारी आणि मी.

आता २०२३ सालाबद्दल थोडे. त्या साली गोव्याच्या मानकुरादला भौगोलिक मानांकन मिळाले. पेपरात फोटो आले, मलाही आनंद झाला, नर्सरीच्या पाटीवर मी ते लिहूनही घेतले. त्याच साली नगर नियोजन कायद्यात १७(२) हे कलम आले, ‘प्रादेशिक आराखडा २०२१’मधल्या नजरचुका दुरुस्त करण्यासाठी. शब्द बघा: नजरचूक. जिथे माझ्या आजोबांच्या आधीपासून काजू-आंबा उभा आहे ती जमीन आराखड्यात ‘ऑर्चर्ड’ दाखवली, तर ती चूक, आणि ‘सेटलमेंट’, म्हणजे वस्तीची, केली की दुरुस्ती. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्या कलमाखालचे नियम रद्द केले, बरे झाले. पण तोवर २०२४ मध्ये त्याच कायद्यात जमिनीचा झोन बदलून देणारे ३९-अ हे कलम आलेले होते. त्याखाली अर्ज करायचा, नोटीस निघायची, लोकांना तीस दिवस हरकतीला.

या नोटिसा मी वाचतो. गाव, सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, आता कुठला झोन, मागितलेला कुठला. झाडांना रकाना नाही. आता सर्व्हे नंबरावरून कुणाचे भाट ते मला कसे कळणार? मी झाडे झाडांच्या नावाने ओळखतो. एकदा तलाठ्याकडे जाऊन विचारले, तर तो म्हणाला, एक-चौदा, म्हणजे जमिनीचा उतारा, काढून बघा. काढला. त्यात जमीन कशी ते असते: जिरायत, बागायत, तरी, खाजन, केर, मोरड. बागायतीपुढे हेक्टर आणि आर. त्या एवढ्याशा आकड्यात मानकुराद आहे की गवत माजले आहे, ते कागद सांगत नाही.

२०२३ सालचीच आणखी एक गोष्ट. शेतजमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यावर निर्बंध घालणारा कायदा त्या साली झाला, आणि तो चांगला कायदा आहे. पण तो भाताच्या जमिनीपुरता. डोंगरउतारावरचा काजू आणि घरामागचे आंब्याचे भाट त्याच्या बाहेर. शेत राखले गेले म्हणून आम्ही टाळ्या वाजवल्या आणि गिऱ्हाइकाने नजर शेताकडून भाटाकडे वळवली. सरकारी आकड्यांप्रमाणे गोव्यात काजूखाली पन्नास हजार हेक्टरांहून अधिक जमीन आहे आणि आंब्याखाली पाच हजारांच्या आसपास. काजूचा आकडा एवढा मोठा की डोंगर कापला तरी कुणाला फरक दिसत नाही. आंब्याचा तेवढा मोठा नाही.

शेतघराची गंमत तर माझ्याच नर्सरीतून चालते. ऑर्चर्डमध्ये किमान ४,००० चौरस मीटर जागा असेल तर शेतघर बांधता येते. म्हणून चार हजाराला थोडी वर, अशा तुकड्यांना तारेची कुंपणे पडतात. मग माझ्याकडे गाडी येते. “वीस-पंचवीस झाडे द्या, लगेच दिसतील अशी.” म्हणजे तपासणीला कोणी आलेच तर बाग दिसावी. मी देतो. नर्सरी चालवायची तर द्यावी लागतात. दोन वर्षांनी तिथून जाताना बघतो: पाच-सहा जगलेली, बाकीच्या पिशव्यासुद्धा काढलेल्या नसतात.

गिऱ्हाईक पूर्वी कसे होते, तेही सांगतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला आलेला माणूस परतताना माझ्याकडे वाट वाकडी करायचा, चाळीस कलमे घेऊन टेम्पोत घालायचा, तासभर बसून उन्हाचे, वाळवीचे, शेणखताचे विचारायचा आणि पाचव्या वर्षी पहिला आंबा घेऊन दाखवायला यायचा. आता विचारतात, कुंडीत येईल का? बारमाही आहे का? क्रेनने आणून लावता येईल असे मोठे झाड मिळेल का? गेल्या वर्षी एका बाई आल्या, स्वभावाने फार चांगल्या, चहा न घेता जात नाहीत. त्यांना आंबा हवा होता पण पाने न गळणारा. पोहण्याच्या तलावात पाने पडतात. मी त्यांना चाफाही दिला नाही, तोही गळतो. शेवटी त्यांनी शोभेचा ताड नेला.

आता जे लिहिणार आहे ते गाळू नये ही विनंती. आमचे स्वतःचे भाट मोपाच्या सड्याखालच्या उतारावर होते, काजूचे. २०१८ साली ते विकले. आम्ही चार भावंडे, चौघांच्या नवरा-बायकांसह आठ सह्या, त्यातली एक माझी. थोरला पुण्याला, धाकटी बहीण कुवेतला, वडिलांच्या आजारपणाचे कर्ज. मी एकटा नाही म्हणालो असतो तर इन्व्हेंटरीत, म्हणजे कोर्टातल्या वारसांच्या वाटणीत, चार पट्ट्या झाल्या असत्या आणि तिघांनी आपापल्या विकल्या असत्या. असे मी मनाला सांगतो. माझ्या वाट्यातून शेडनेट उभे राहिले आणि मुलीचे नर्सिंग झाले. त्यामुळे भाट विकणाऱ्याला शिव्या देण्याचा अधिकार मला नाही, आणि कोणी देत असेल तर त्याने आधी सांगावे की त्याच्या घरचा काजू कोण गोळा करतो.

कारण भाट राखणे ही आता चैन झाली आहे. नारळ पाडायला पाडेली मिळत नाही. मिळाला तर झाडामागे मागेल ते द्यायचे. आंब्यावर चढणारा मिळत नाहीच. “आतां कोण चडटलो झाडार?” असे माझा जुना गडीच मला विचारतो, त्याचा मुलगा हॉटेलात आहे. माकडे कच्चा आंबा अर्धा खाऊन टाकतात. बोंडू गोळा करायला माणूस नाही म्हणून काजूची पावणी, म्हणजे लिलाव, कोणी घेत नाही, बी तेवढी वेचतात, रस मातीत. हंगामाच्या सुरुवातीला मानकुराद डझनाला काही हजारांनी जातो हे खरे, पण तो पंधरवड्याचा खेळ, आणि त्या भावाचा मोठा वाटा पाटी घेऊन बसलेल्या बाईच्या पदरात पडत नाही. एका उताऱ्यावर सतरा नावे, त्यातली निम्मी परदेशात. एवढ्यात कोणी चौरस मीटरचा भाव घेऊन दारात आला तर माणूस बसायला खुर्ची देणारच.

तरी दोन गोष्टी होण्यासारख्या आहेत आणि त्यांना फार पैसाही लागत नाही. झोन बदलाची किंवा झाड तोडण्याची नोटीस निघते तेव्हा त्यात जागेवर कुठली फळझाडे किती, हे लिहिणे सक्तीचे करा, आणि तिची प्रत विभागीय कृषी कार्यालयाला जाऊ द्या. काडी कापायला पावसाळ्यातले दोन आठवडे आणि एक शिडी पुरते. भाट विकले जाईल, बंगलाही होईल, पण झाडाचे अंग कुठेतरी उरेल. माझ्यासारखे कलमवाले गोव्यात अजून आहेत, हाक मारली तर येतील. फुकट येतील, मला खात्री आहे. दुसरे, बागायतीला भाताच्या जमिनीएवढेच संरक्षण द्या. आणि ते देताना राखणाऱ्याला काही मिळेल असे करा. नुसती विक्री अडवली तर लोक झाडाला आगपेटी लावतील, मग ‘बागायत’ राहतच नाही. असे घडलेले मी पाहिले आहे, अधिक बोलत नाही.

शेतकऱ्यांनी राखलेल्या वाणांची नोंद करण्याचा केंद्राचा कायदा २००१ पासून आहे. ‘विहिरीवरच्या’ची नोंद मी करायला हवी होती. वहीत होती, कचेरीत नव्हती. उरलेल्या पाच झाडांचे अर्ज आता मुलगी भरते आहे. एका मालकाने सही द्यायला नकार दिला. त्याला वाटते, नोंद झाली की जमीन अडकेल. त्याचे चुकते असे मला छातीठोकपणे म्हणता आले नाही.

गणपतीआधी म्हातारीला भेटून आलो. तिचे घर अजून आहे, मुंडकार म्हणून तिला कोणी हलवू शकत नाही, पण तीन बाजूंनी पत्रे आले आहेत आणि दुपारी ऊन थेट चुलीपर्यंत येते. “आंबो गेलो. आतां सावळी खंय?” एवढेच म्हणाली. तिचे या वर्षीचे कलम मी नेले होते, सातातले एक. तिने हातात घेऊन पान चुरगळून वास घेतला आणि परत दिले. लावायला जागा नाही म्हणाली.

तेव्हा ती सात कलमे माझ्याकडे आहेत. दोन फुटांची झाली, तांबूस पालवी आली आहे. विकायची नाहीत. ज्याच्याकडे उताराची, पाणी न साचणारी जागा आहे आणि निदान पोरे मोठी होईपर्यंत ती विकायचा विचार नाही, त्याने एकेक न्यावे. पैसे नकोत. फळ धरल्यावर दर पावसाळ्यात मला दहा काड्या कापू द्याव्यात, हाच भाव. पत्रावर माझे नाव छापू नये, काड्यांसाठी अजून पाच दारी जायचे आहे मला. पत्ता आपल्या कार्यालयात देऊन ठेवला आहे. येणाऱ्याने शक्यतो सकाळी यावे, दुपारनंतर मी झाडांवर असतो.

आपला,
एक कलमवाला,
पेडणे